मामाची लाल गिटार फेंडरची आहे का? जुन्या सॉलिड बॉडी गिटारची किंमत कशी ठरवायची?

अजनी_लोको | ९ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझे मामा फेब्रुवारीत गेले. दिवसा अजनीच्या लोको शेडमध्ये नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार, असं त्यांचं आयुष्य. लग्नं, गणपती, शारदोत्सव, कुठेही बोलावलं की निघाले. मागच्या रविवारी मामीने दिवाण आवरायला काढला, तर तळाशी सोलापुरी चादरीत गुंडाळलेली त्यांची इलेक्ट्रिक गिटार. भडक लाल. लहानपणी आम्हाला लांबूनच दाखवायचे, हात लावायची सोय नव्हती.

डोक्यावर वळणदार अक्षरात 'फेंडर', म्हणजे त्या नामांकित अमेरिकन गिटार कंपनीचं नाव, लिहिलेलं आहे. तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी तुकडे). ट्रेमोलोची, म्हणजे सूर हलवायची दांडी नाही, तारा गंजून तुटलेल्या. मामी म्हणते, लग्न १९७२ चं, ही सवत त्याच्या आधीपासून घरात. मामाने रेल्वेच्या पासवर कलकत्त्याला जाऊन आणली होती म्हणे.

आता खरा मुद्दा. ओळखीतल्या ओळखीतून एक गृहस्थ गिटार बघायला आले. पाच मिनिटं उलटीपालटी करून म्हणाले, "अख्खी गिटार नको, तीन पिकअप तेवढे काढून द्या. बारा हजार देतो. बाकी आठवण म्हणून ठेवा." मामीने चहाचा कप उचलला आणि आत गेली. मलाही ते खटकलं. फेंडर असेल तर नुसते पिकअप कोण मागेल? आणि फेंडर नसेल तर त्यांचे तरी बारा हजार कशाला?

जाणकारांनी उजेड पाडावा.

तर्री_जास्त | ९ मे, रात्री १०:३१

अबे भाऊ, बारा हजारात काय देऊन राह्यला! साठ-पासष्टची फेंडर असन तर वीस-पंचवीस लाखाले मरण नाही. त्या बुवाले पुन्हा घरात घेऊ नको. मामीले सांग, दिवाणाले कुलूप लाव.

वाचनवेडी | ९ मे, रात्री ११:०५

गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण मामी चहाचा कप उचलून आत गेली तिथेच धागा आवडला. वाचतेय.

उमरेड_ते_ओहायो | १० मे, सकाळी ७:४८

थांबा राजेहो, लाखांच्या गोष्टी नंतर. मी वीसेक वर्षं जुन्या फेंडर जमवतोय. दोनदा फसलोय, म्हणून थोडं कळतं.

पहिलं काम म्हणजे काहीही पुसू नका. ब्रासो नको, पॉलिश नको, ओलं फडकं तर नकोच. गंजलेले स्क्रूसुद्धा तसेच राहू द्या.

डोक्यावरचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. ते कोणीही चिकटवतं. त्यापेक्षा मोजपट्टी घ्या. तारा डोक्याकडे ज्या पट्टीवरून जातात ती नट. नेकवर, म्हणजे गिटारच्या गळ्यावर, धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ते फ्रेट. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) किंवा टेलिकास्टर ही मॉडेलं असतील तर ते माप साडेपंचवीस इंच यायला हवं, म्हणजे बाराव्या फ्रेटपर्यंत पावणेतेरा. गिब्सन या दुसऱ्या मोठ्या कंपनीचं पावणेपंचवीस धरतात. हे माप रंगाने किंवा स्टिकरने बदलत नाही.

मग मागची प्लेट. नेक बॉडीला चार स्क्रूंनी बसवतात तिथे चौकोनी पत्रा असतो. त्यावर काय कोरलंय ते अक्षर न् अक्षर लिहून काढा. खऱ्या फेंडरवरसुद्धा त्या नंबरवरून नक्की वर्ष कळत नाही, कारण कारखान्यात प्लेटा डब्यात पडलेल्या असत आणि हाताला येईल ती लावत. पण तिथे काय लिहिलंय यावरून घराणं कळतं.

एवढं जमलं तर आतले व्हॉल्यूमचे पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते भाग, बघा. अमेरिकन पॉटच्या पाठीवर आकडा असतो. १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, ३०४ ने तर स्टॅकपोलचा. पुढे वर्ष आणि आठवडा. ३०४६५१२ म्हणजे स्टॅकपोल, १९६५, बारावा आठवडा. त्या गिटारचा जन्म त्या आठवड्याच्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा मात्र खुशाल असू शकतो. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा घेऊन ठेवला की पुढची दोन-तीन वर्षं तेच निघतात.

फोटो टाका. उन्हात नको, खिडकीच्या उजेडात.

अजनी_लोको | ११ मे, रात्री ९:२०

मोजलं. नट ते बारावा फ्रेट सव्वाबारा इंच. दुप्पट साडेचोवीस. म्हणजे फेंडर नाहीच?

प्लेटवर दोन ओळी. वर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक', खाली 'मेड इन जपान'. नंबर नाही. नटला लागूनच आणखी एक फ्रेट आहे, तारा त्याच्यावरूनच जातात. प्रत्येक पिकअपला वेगळं सरकवायचं बटण. पिकअपचं झाकण स्टीलसारखं, त्याला खाचा, आणि खाचांमधून आत सोनेरी कागदासारखं काहीतरी चमकतं, मिठाईच्या डब्यातल्या वर्खासारखं.

फोटो जोडले आहेत.

तर्री_जास्त | ११ मे, रात्री ९:२६

जपान! गेले माह्ये पंचवीस लाख.

शिसवी | १२ मे, दुपारी २:१५

धागाकर्ते, तो सोनेरी वर्ख हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी धरमपेठेत तंतुवाद्यांची दुरुस्ती करते. सतार-तानपुरा जास्त, गिटारी आवडीने. अशी एक याआधी हातातून गेली आहे.

ही साठच्या दशकातली जपानी गिटार. टायस्को किंवा तिच्या भावंडांपैकी एखादी. 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक'ची प्लेट आणि नटला लागून शून्य क्रमांकाचा फ्रेट, हे त्या घरचे नाकडोळे. डोक्यावरच्या फोटोत 'फेंडर'च्या अक्षरांखाली दोन बारीक भोकं बुजवल्यासारखी दिसतात. तिथे मूळ नावाची पट्टी ठोकलेली असणार.

थोडी पार्श्वभूमी. टायस्को १९४६ ची. १९६५ मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानात वाजवून गेला आणि तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं खूळ लागलं. त्याला ते 'एलेकी' म्हणत. कारखान्यांनी धडाधड माल काढला आणि निर्यातही केला. एकच गिटार परदेशात पाच दुकानांच्या पाच नावांनी खपायची. १९६७ मध्ये कावाई या पियानोवाल्या कंपनीने टायस्को घेतली. तेव्हा स्वस्तातल्या म्हणून लोक नाक मुरडत.

मग राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाने, हो, आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर ग्रॅमी मिळवणारा तोच, आपल्या स्ट्रॅटमध्ये टायस्कोचा सोनेरी पिकअप बसवला. त्या आवाजाची चटक लागली आणि 'गोल्ड फॉइल'ला भाव आला. आता असे पिकअप काढून सुटे विकतात, लोक ते आपल्या नव्या गिटारीत टाकतात. म्हणून तुमच्या पाहुण्यांना अख्खी गिटार नको होती. नारळातलं खोबरं काढून द्या, करवंटी तुम्हाला ठेवा. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, पण काय घेतोय तेही सांगितलं नाही.

अख्खी गिटार परदेशातल्या बाजारात काही शे डॉलरची. तुमचीचा रंग बदललेला आहे, दांडी नाही, त्यामुळे खालच्या अंगाला. मला कोणी लेखी मागितलं तर मी पंचवीस ते तीस हजार रुपये लिहीन. पिकअप काढल्यावर उरलेल्या लाकडाला कोणी दोन हजार देणार नाही.

अजनी_लोको | १२ मे, दुपारी २:५०

शिसवीताई, मनापासून धन्यवाद. मामीला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे मामा आयुष्यभर खोट्या नावाची गिटार घेऊन फिरले?" आणि पदर तोंडाला लावून हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

गल्फ_रिटर्न | १३ मे, सकाळी १०:०२

विषय निघालाच आहे तर विचारतो. मेव्हण्याने दुबईहून स्ट्रॅट आणली होती. सीरियलवरून १९७९ ची वाटते. मागे नेकला चारऐवजी तीनच स्क्रू, डोकं मोठं, डोक्यापाशी गोळीच्या आकाराचा नट. वजन धोंड्यासारखं. ही मात्र खरी फेंडर ना? हिला किती?

आणि सगळे 'जुनी' म्हणतात ती नेमकी कधीची? साल कोण ठरवतं?

उमरेड_ते_ओहायो | १३ मे, रात्री ११:४०

खरी असायला हरकत नाही. तीन स्क्रू आणि गोळीच्या टोकाचा रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) १९७१ पासून आले. मी शिकत होतो तेव्हा या गिटारींना कुत्रं विचारत नव्हतं. आता त्यांनाही काही हजार डॉलर पडतात, कारण त्यांच्या आधीच्या गिटारी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या.

साल कोण ठरवतं हा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा पसरून लिहितो. झोप गेलीच आहे.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियात फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे मला फार आवडतं. १९५० मध्ये त्याने अखंड लाकडाच्या फळीची गिटार बाजारात आणली आणि नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनी म्हणाली, या नावाचे ड्रम आमचे आहेत. मग फेंडरने छापलेल्या चिकटपट्ट्यांवरून ते नाव कात्रीने उडवलं आणि काही महिने नुसतं 'फेंडर' लावून माल विकला. १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव पडलं. त्या मधल्या बिननावाच्या गिटारींना आज संग्राहक 'नोकास्टर' म्हणतात आणि नाव नसण्याचे जास्त पैसे देतात. स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. जानेवारी १९६५ मध्ये लिओने अख्खी कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. ही लक्ष्मणरेषा. रेषेच्या आधीची 'प्री-सीबीएस', तिला हजारांनी डॉलर. नंतरची उतरत्या भावाने.

खरं सांगू? जानेवारीत सही झाली म्हणून फेब्रुवारीतल्या सुताराचा हात बिघडत नाही. तीच माणसं, तेच साचे, बराचसा तोच माल. पण बाजाराला रेघ लागते.

गिब्सनची गंमत याहून मोठी. लेस पॉल मॉडेल १९५२ चं, सोनेरी रंगाचं. १९५७ मध्ये सेथ लव्हर या इंजिनियरचा विजेची गुणगुण घालवणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप आला. त्याच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी, म्हणून त्याचं नावच 'पीएएफ' (पेटंट अप्लाइड फॉर). १९५८ ते ६० मध्ये हीच गिटार लालसर-पिवळ्या सनबर्स्ट रंगात काढली. खपली नाही. साधारण दीड हजार झाल्या असतील, कंपनीने गाशा गुंडाळला आणि १९६१ मध्ये शिंगांवाली नवी आकृती आणली. त्यानंतर ब्रिटनमधल्या पोरांनी, एरिक क्लॅप्टन वगैरेंनी, या पडेल गिटारी सेकंडहँड उचलल्या आणि जोरात ॲम्प लावून वाजवल्या. जगाने तो आवाज ऐकला आणि मागे वळून बघितलं तर माल संपलेला. १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. १९५९ ची एक चांगली सनबर्स्ट आज लाखो डॉलरला जाते. तिचा तांबडा रंग उन्हाने उडतो, काही तर पार लिंबासारख्या पिवळ्या होतात. गादीचा रंग उडाला तर आपण फेकतो, इथे उडालेल्या रंगाचे चाहते वेगळे.

आता मूळपणा. व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा की रंग पुन्हा मारला की किंमत निम्मी. गिब्सनचं डोकं मागे कललेलं आणि लाकूड महोगनीचं, त्यामुळे पडली की तिथेच मोडते. कितीही छान जोडा, पुन्हा साधारण निम्मी. फ्रेट बदलले तर फारसं कोणी मनाला लावत नाही, ते चपलेचे तळ आहेत. मूळ पेटी असेल तर वर पैसे. एक पिकअप बदललेला असला तरी किंमत पडते. सोल्डर बघतात: जुनं मळकट असतं, ताजं चकाकतं. पीएएफची ती चिठ्ठीसुद्धा आता छापून मिळते, तेव्हा चिठ्ठी बघून पैसे देऊ नये.

आणि हे सगळे नियम एका क्षणात झोपतात. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट जून २०१९ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. ती १९६९ ची, म्हणजे रेघेच्या पलीकडची. नेक कितीदा बदललेला, पिकअप बदललेले, बॉडीला भोकं पाडून बुजवलेली. तुमच्या-माझ्या हातात असती तर व्यापाऱ्याने तोंड वाकडं केलं असतं. (पैसे त्याने हवामान बदलाच्या कामाला दिले, हे अवांतर.)

तर्री_जास्त | १४ मे, सकाळी ८:१०

म्हणजे आपल्या मामाचं नाव मोठं असतं तर जपानीचेही पंचवीस लाख आले असते. मी तेच म्हणत होतो.

बाय द वे, माह्याकडे कॉलेजची गिव्हसन आहे, कोलकात्याची. तिच्यावर 'व्ही' नीट वाचा, 'बी' नाही. तिले कधी भाव येईन?

शिसवी | १४ मे, सकाळी ११:३०

तर्रीभाऊ, गिव्हसन वाजवत राहा, तोच भाव.

उमरेडकरांच्या पोस्टला +१. एक भर घालते. बाहेरून जुनी गिटार आणायची कोणी मनात आणत असेल तर लाकूड आधी विचारा. पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडरच्या बहुतेक फ्रेटबोर्डला ब्राझिलियन रोझवुड असायचं. ते १९९२ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदाशिवाय सीमा ओलांडता येत नाही. त्यानंतर फेंडर-गिब्सनने वापरलं ते आपलं शिसवी. माझ्या नावाचं लाकूड दक्षिणेतल्या जंगलातून अमेरिकेला जातं आणि गिटार होऊन परत येतं. २०१७ मध्ये ते सगळंच कुळ दुसऱ्या परिशिष्टात टाकलं होतं, वाद्यवाल्यांनी डोकं धरलं. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियनला नाही.

आणि 'ॲण्टिक आहे, ड्युटी लागणार नाही' असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्याला शंभर वर्षं लागतात. या गिटारींचा धंदाच १९५० चा.

आता धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचं, कारण मे महिना चालू आहे. आपल्याकडे आत्ता हवा इतकी कोरडी आहे की ओला टॉवेल तासाभरात कडक होतो. फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, मग कडेला त्यांची टोकं बाहेर येतात. नेकवरून हात फिरवा, करवतीसारखं लागेल. लोक घाबरून कानसतात. कानसू नका, जुलैत अर्धं आपोआप आत जाईल. उलट चूक म्हणजे गिटार कुलरच्या झोतात ठेवणं. खसाच्या गारव्यात आपल्याला झोप लागते, गिटारला गंज लागतो. कुलर सुरू-बंद झाला की दिवसातून दोनदा पावसाळा आणि उन्हाळा. आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, सुती चादरीत ठेवा. दिवाणातला पन्नास वर्षांचा अंधार तिला मानवला होता.

प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नका. खुंट्यांची बटणं पिवळट होऊन भुरभुरत असतील आणि कापरासारखा वास येत असेल तर ते सेल्युलॉइड आहे. ते सडताना निघणारा वायू कोंडला की आसपासचा धातू खातो.

अजनी_लोको | १५ मे, रात्री ९:४४

कुलरच्या समोरच टेबलावर ठेवली होती. हलवली.

पिकगार्डचे, म्हणजे बॉडीवरच्या संरक्षक पातळ पत्र्याचे, दोन स्क्रू सैल करून आत डोकावलो. लाल रंगाखाली कडेला तपकिरी आणि मध्ये पिवळा रंग दिसतोय. म्हणजे मूळची सनबर्स्ट! भाऊ म्हणतो रिमूव्हर लावून लाल उतरवू या, मूळ रंग आला तर किंमत वाढेल. करू का?

शिसवी | १५ मे, रात्री ९:४७

नाही नाही नाही. रिमूव्हरला वरचा रंग कुठला आणि खालचा कुठला हे कळत नाही, दोन्ही उतरतील आणि हातात फळी राहील. आणि हा लाल दिसतोय ड्युको, मोटारीचा. आपल्याकडे तेव्हा पंख्यापासून कपाटापर्यंत सगळं ड्युकोच मारायचे.

उमरेड_ते_ओहायो | १६ मे, सकाळी ६:५५

हसू आलं. ड्युको हे ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीच्या रंगाचं नाव, आणि फेंडरसुद्धा खास रंगांसाठी ड्यूपाँचेच मोटारीचे रंग वापरायचा. तिथला प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' फोर्ड थंडरबर्डचा. आज मूळ फिएस्टा रेड स्ट्रॅट साध्या सनबर्स्टपेक्षा कितीतरी महाग. फुलरटनमध्ये मारला तर 'कस्टम कलर' आणि नागपुरात मारला तर 'रिफिनिश', एवढाच फरक.

राहू द्या लाल.

कामठीकर | १७ मे, सायंकाळी ५:२०

नमस्कार. माझं वय ७७. नातीने हा धागा दाखवला. टायपिंग तीच करते आहे, मी सांगतो.

अजनी_लोको यांस, आपल्या मामांच्या ऑर्केस्ट्राचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवलं आहे. तेच असेल तर ही लाल गिटार मी ओळखतो. मी त्यात अकॉर्डियन वाजवीत असे.

त्या वेळी परदेशी वाद्य म्हणजे आयात परवान्याची भानगड. सरळ दुकानात मिळत नसे. त्यांनी ती खिदिरपूरच्या गोदीतून कुठल्याशा खलाशाकडून घेतली होती आणि हावडा मेलने मांडीवर घेऊन आणली. आली तेव्हा लाल नव्हती. पंचमदांची गाणी गाजू लागली, भूपिंदर त्यांच्याकडे गिटार वाजवीत, आणि लग्नघरचे लोक 'गिटारवाला आहे का' म्हणून विचारू लागले. तेव्हा मालक म्हणाले, स्टेजवर ती तपकिरी दिसतच नाही. मग गड्डीगोदामच्या एका गॅरेजमध्ये लाल करून घेतली. ज्या पेंटरने आमच्या ड्रमवर ऑर्केस्ट्राचं नाव रंगवलं, त्यानेच एका रेकॉर्डच्या वेष्टनावरून बघून 'फेंडर' लिहिलं. चिकटपट्टी नव्हे, कुंचल्याने. नीट पाहा, शेवटचा 'आर' जरा घसरलेला आहे. पेंटरचा हातच सकाळी थरथरे.

अजनी_लोको | १७ मे, सायंकाळी ५:५८

काका, तेच नाव. 'आर' घसरलेला आहे. भिंग लावून बघितलं, खरंच ब्रशचे फराटे दिसतात.

काय बोलू कळत नाही. मामीला घेऊन कामठीला येतो.

वाचनवेडी | १७ मे, सायंकाळी ६:१५

अरे देवा. धागा कुठून कुठे. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तर्री_जास्त | १७ मे, सायंकाळी ६:२०

हाताने लिहिलेली फेंडर जगात एकच हाय. लावा पंचवीस लाख.

अजनी_लोको | २१ मे, रात्री १०:३०

अपडेट. आज शिसवीताईंकडे गिटार नेली होती. मल्टिमीटरवर दोन पिकअप ठीक निघाले. मधला बंद होता, पण तार आतून नाही, सोल्डरपाशीच तुटली होती. जोडली. बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. पन्नासेक वर्षांनी आवाज आला, आधी खरखर आणि मग गोड.

नेक सोडवला तर त्याच्या खाचेत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा. ताई म्हणाल्या, नेकला जरासा कल देऊन तारा खाली आणायला अशी पाचर घालतात, कारखानेसुद्धा घालत. पण पाचर उलटी केली तर रेल्वेचं जुनं तिकीट! छोटं, कडक पुठ्ठ्याचं, अर्धं कापलेलं. त्यावर 'कामठी ते नागपूर' आणि कडेला दाबून उमटवलेली तारीख, १७ जानेवारी ७१.

एक कोडं आहे. मामाकडे तर पास होता. तिकीट कोणाचं?

उमरेड_ते_ओहायो | २२ मे, सकाळी ७:०५

म्हणजे जानेवारी ७१ च्या सुमारास ती नागपुरात असावी. पॉटच्या कोडपेक्षा भारी. मी इतक्या गिटारी उघडल्या, पाचर म्हणून व्हिजिटिंग कार्ड निघालं, काडेपेटीचं झाकण निघालं, तिकीट कधी नाही.

पण परतीचं अर्धं उतरल्यावर तिकीट तपासनीस काढून घेतो ना? ते खिशात कसं राहिलं?

कामठीकर | २२ मे, सायंकाळी ४:४०

तेव्हा मी मोहननगरला राहत असे. आम्ही चौघे तिकीटवाले, ते एकटे पासवाले. जाताना नागपूरहून सर्वांनी जाण्यायेण्याचं तिकीट काढायचं, असा मालकांचा शिरस्ता, कारण परतीचे पैसे नंतर हातात राहत नसत.

तारखेवरून मला सांगता येणार नाही. पण कामठीला एका लग्नात वऱ्हाडी मंडळी सोडेनात. 'आणखी एक, आणखी एक' करत रात्रीचे दोन वाजले. शेवटची गाडी गेली होती. थंडी मरणाची. संत्र्याच्या खोक्यांच्या ट्रकवर बसून नागपूरला आलो, गिटार मध्ये आणि आम्ही भोवती. चौघांचीही परतीची तिकिटं खिशात राहिली. माझं मी मोतीबागेजवळ उतरताना फेकलं. दुसऱ्या कोणाचं तरी त्यांनी मागून घेतलं असावं. त्या दिवशी तारा उंच झाल्या म्हणून ते सारखे कुरकुरत होते, एवढं आठवतं.

शिसवी | २२ मे, सायंकाळी ५:०२

अजनी_लोको, माझ्याकडे मेपलची तासलेली नवी पाचर तयार होती. ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. तिकीट घेऊन या, तेच परत बसवू. जाडी बरोबर आहे आणि तारा आत्ता हव्या तितक्याच उंच बसतात. फोटो दोन्ही बाजूंचे आधी काढून ठेवा.

ट्रेमोलोची दांडी मिळेपर्यंत काकांकडे तशीच न्या. त्यांना विचारा, दांडी तेव्हा तरी होती का?

कामठीकर | २२ मे, सायंकाळी ५:३०

होती. ट्रकमध्ये राहिली.